लोकल की कंपनीचं?

कुकरची रिंग मागितली की दुकानदार विचारतो, "लोकल देऊ की कंपनीची?" मिक्सरचं कपलर, नळाची तोटी, मोबाईलचा चार्जर, स्कूटरचे ब्रेक लायनर, काहीही मागा, प्रश्न हाच. आणि प्रश्नाच्या सुरातच उत्तर असतं. कंपनीची म्हणजे टिकेल ती. लोकल म्हणजे महिन्याभरात शिट्टी व्हायची थांबेल आणि वाफ बाजूने निघत राहील ती. मला हा प्रश्न दर वेळी खटकतो. पुणे–लोणावळा मार्गावरच्या घोरावाडीत राहणाऱ्या कुणालाही तो खटकायला हवा, कारण आमच्या स्टेशनवर लोकलशिवाय दुसरी गाडी थांबतच नाही.

मागच्या खेपेला मी ती लोकल रिंग हातात घेऊन नीट पाहिली. पातळ प्लॅस्टिकची पिशवी, वर तोंड भरून हसणाऱ्या बाईचं चित्र, खाली 'बेस्ट क्वालिटी'. बनवणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, काही नाही. "ही बनते कुठे?" असं विचारलं. दुकानदार सरळ माणूस आहे. म्हणाला, "दिल्लीकडून माल येतो, ताई." माझा कुकर ज्या कंपनीचा आहे, तिचा एक कारखाना ठाण्याला आहे. म्हणजे ठाण्याची रिंग कंपनीची आणि दिल्लीची रिंग लोकल. चाकणला तयार झालेल्या मोटारसायकलचा सुटा भाग मागायला गेलं तरी हाच हिशेब. इथे बनलेला तो ओरिजिनल, आणि ज्याचं मूळ गाव कुणालाच ठाऊक नाही तो लोकल.

हा शब्द वस्तूंपुरता राहिला असता तर मी गप्प बसले असते. पण तो माणसांना लागतो. तळेगाव आणि चाकणच्या एमआयडीसीत नोकरीसाठी गेलेल्या आमच्याकडच्या मुलांना 'लोकल पोरं नकोत' हे वाक्य कुठून ना कुठून ऐकू येतंच. लोकल पोरं सुट्ट्या घेतात, भाताच्या लावणीला घरी जातात, चारजण गोळा करतात, असं म्हटलं जातं. ज्यांच्या जमिनीवर शेड उभी राहिली, त्यांच्याच मुलांबद्दल हे बोललं जातं. दुसरीकडे सरकारचं धोरण स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या द्या असं सांगतं. पण त्या धोरणात स्थानिक कोण, तर महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहिलेला माणूस. गडचिरोलीचा मुलगाही त्यात आला, सावंतवाडीचाही आला, आणि यायलाच हवा. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच, की नको म्हणायचं असतं तेव्हा लोकल म्हणजे आजूबाजूची शेलारवाडी, सोमाटणे, इंदोरी. आणि टक्केवारी भरायची असते तेव्हा लोकल म्हणजे अख्खा महाराष्ट्र.

भाचीच्या कॉलेजच्या फॉर्मवर दोन रकाने होते, लोकल ॲड्रेस आणि पर्मनंट ॲड्रेस. तिथे लोकल म्हणजे तात्पुरता, कॉट बेसिसवर राहणाऱ्याचा. ती जन्मल्यापासून एकाच घरात राहते. तिने पहिला रकाना रिकामा सोडला, तर खिडकीतून फॉर्म परत आला.

गेल्या वर्षी घरात लग्न होतं. पाहुणे जास्त झाले म्हणून दादा लोणावळ्यात एका लॉजवर दोन खोल्या बघायला गेला. खोल्या होत्या, भाडं ठरलं, आधार कार्ड पुढे केलं. त्यावर तळेगावचा पत्ता. काउंटरवरच्या माणसाने कार्ड तसंच परत सरकवलं आणि मागच्या पाटीकडे बोट केलं: लोकल आयडी चालणार नाही. दादाने सांगितलं, लग्न आहे, म्हातारी माणसं आहेत, पत्रिका दाखवतो. "साहेब, लोकल आयडी नाही चालत," एवढंच उत्तर. अशी बंदी घालणारा कुठलाही कायदा नाही. हॉटेलवाल्यांनी आपली सोय म्हणून पाटी लावली आणि ती नियमासारखी पाळली जाते. मुंबईहून आलेल्या कुणालाही खोली मिळते. लोणावळ्याला ज्यांच्या शेतातून रस्ते गेले, त्यांना आपल्या तालुक्यात एक रात्र राहायचं असेल तर त्यांच्याकडे संशयाने बघतात.

त्याच आठवड्यात जुन्या महामार्गावरच्या एका टोलनाक्यावर याच दादाला उलटं ऐकावं लागलं. रोज ये-जा करणाऱ्या स्थानिकांना सवलत असते, म्हणून त्याने विचारलं. गाडी पुण्यातल्या एकाकडून घेतलेली, नंबर एमएच १२. "गाडी लोकल नाही." आधार दाखवलं, तेच आधार, तोच पत्ता. "आधार नाही, आरसी बघतो आम्ही." लॉजवर कागदाने लोकल ठरवलं, नाक्यावर त्याच कागदाने नाही ठरवलं, आणि दोन्हीकडे नुकसान दादाचंच. दादा शांत स्वभावाचा आहे. मला मात्र राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

दातांच्या डॉक्टरांकडे हा शब्द प्रामाणिकपणे वापरला जातो, हे सांगायला हवं. "लोकल देतो" म्हणतात, तेवढीच जागा बधिर करतात.

तांदळाचं बघा. इंद्रायणी हा भात घोरावाडीपासून दोन स्टेशनं पलीकडे, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झाला आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांचा तो संकर. आंबेमोहराने वास दिला. आयआर ८ हे फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये दिलेलं बुटकं, न लोळणारं, भरघोस उताऱ्याचं वाण. संशोधकांनी वर्षानुवर्षं निवड करत आणलेला इंद्रायणीचा दाणा शिजवला की मऊ होतो, थोडा चिकट होतो आणि घरभर वास सुटतो. अंदर मावळातला शेतकरी तो पोत्यात घेऊन येतो तेव्हा व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो आणि म्हणतो, "लोकल माल आहे." तिथून भाव खाली यायला सुरुवात होते. तोच तांदूळ पॉलिश होऊन, पाच किलोच्या रंगीत पिशवीत बसून मॉलमध्ये गेला की त्यावर मावळच्या डोंगराचं चित्र छापतात आणि दर चढतो. मावळचं नाव पिशवीला चालतं, पोत्याला चालत नाही.

एकेकाळी या शब्दाला मान होता. १८८२ साली लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, लोकल बोर्डं पुढे बळकट झाली, आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा येईपर्यंत खेड्यापाड्यातल्या शाळा, रस्ते, दवाखाने त्यांच्याकडे होते. माझे आजोबा 'लोकल बोर्डाच्या शाळेत शिकलो' असं ताठ मानेने सांगायचे. त्यात आपल्या लोकांनी आपल्या गावासाठी चालवलेली शाळा, असा अर्थ होता.

आता आमच्या गाडीकडे येते. खंडाळा ते पुणे रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली, आणि पुणे–लोणावळा लोकल धावू लागली १९७८ मध्ये. बेगडेवाडी, घोरावाडी, कान्हे या लहान स्टेशनांना शहराशी जोडलं ते या गाडीने. सकाळच्या गाडीत दुधाचे कॅन असतात, पालेभाजीचे गठ्ठे असतात, पिंपरी-चिंचवडला पहिल्या पाळीला जाणारे असतात, डबा मांडीवर घेऊन झोपलेल्या नर्स असतात. मुंबईत लोकल म्हणताना लोकांच्या आवाजात हक्क असतो. एक चुकली तर दुसरी समोर दिसत असते. माझी मुंबईची मावसबहीण इथे आली की "जाऊ दे गं, पुढची पकडू" म्हणते. आमच्याकडे पुढची पकडायची म्हणजे निम्मा दिवस हातचा जातो. दुपारच्या देखभालीच्या ब्लॉकच्या वेळी तर वर्षानुवर्षं काही तास गाडीच नसायची. कॉलेज साडेअकराला सुटलेली मुलं गाडी येईपर्यंत प्लॅटफॉर्मवर बसून राहायची, नाहीतर रिक्षाला पैसे मोजायची.

कारण सगळ्यांना माहीत आहे. मार्ग दोनच. त्यावरूनच मुंबईच्या एक्स्प्रेस, लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या. मागून मोठी गाडी आली की लोकल बाजूला घ्यायची, हे ठरलेलं आहे. रुळांची देखभाल व्हायलाच हवी, त्यासाठी ब्लॉक लागतो, हेही मला मान्य आहे. पण वेळ कुणाचा काढून घ्यायचा हे ठरवताना दर वेळी लोकलचाच वेळ निघतो. ऑफिसात उशीर झाला तर साहेब म्हणतात, "लोकलचं कारण सांगू नका." विमान चुकलेल्याला, महामार्गावर अडकलेल्याला असं कुणी म्हणत नाही.

तिसरा आणि चौथा मार्ग व्हावा, ही मागणी प्रवासी संघटना वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. निवेदनं जातात, फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी बातमी येते ती पिंपरी-चिंचवडच्या पुरवणीत, आतल्या पानावर, स्थानिक घडामोडींत. गाड्यांचं वेळापत्रक आणि मार्गांचा पैसा मुंबईत आणि दिल्लीत ठरतो. तिथे ती पुरवणी जात नाही.