सोफ्यावरचा हेवीवेट

आमच्या इमारतीतले काका झुरळ मारत नाहीत. सुपलीत घेऊन त्याला जिन्यापर्यंत पोचवतात. भाजीवाल्याने किलोत दोन सडके बटाटे घातले तर 'असू दे, त्यालाही पोट आहे' म्हणतात. हाच माणूस रविवारी सकाळी, लास वेगासला शनिवारची रात्र रंगलेली असताना, टीव्हीसमोर ओरडत असतो, "डावा हूक! लिव्हरवर घाल, लिव्हरवर!"

नुसता ओरडत नाही. खांदे पाडतो, मान वाकवतो, उशीवर गुद्दे हाणतो. क्रिकेट बघणारा सल्ले देतो, बॉक्सिंग बघणारा मार चुकवतो. तीन मिनिटांची फेरी संपली की काका घामाघूम. गळ्यात पंचा. मग एका मिनिटाच्या विश्रांतीत काकू पोह्यांची बशी आदळतात आणि विचारतात, "जिंकलात का?"

या मारामारीत एवढं काय ठेवलंय, असं मी एकदा विचारलं. काका लगेच सरसावून बसले. "अरे, मारामारी तर आपल्याकडे होते. ते खेळतात. 1867 साली इंग्लंडात क्वीन्सबेरीचे नियम आले. तीन मिनिटं भांडायचं, एक मिनिट गप्प बसायचं. पडलेल्याला उठायला दहा सेकंद, आणि पाडणाऱ्याने मुकाट आपल्या कोपऱ्यात जायचं. आता आपल्या सोसायटीची सभा आठव. तिथे घंटा कोण वाजवतं?"

पट्टीच्या विजेत्यांवर काकांचं प्रेम नाही. त्यांचा देव बस्टर डग्लस. 1990 साली टोकियोत माइक टायसनपुढे हा उभा राहिला तेव्हा वेगासच्या बहुतेक सट्टेवाल्यांनी या लढतीवर पैजाच घेतल्या नव्हत्या. त्याची आई जाऊन चार आठवडेही झाले नव्हते. आठव्या फेरीत डग्लस पडला, उठला आणि दहाव्यात त्याने टायसनला झोपवलं. हे सांगताना काकांचा आवाज दर वेळी चिरकतो. बढती हुकलेल्या माणसाला टोकियो फार जवळचं वाटतं, एवढंच मी म्हणेन.

मुहम्मद अलीचा उपयोग मात्र ते घरगुती कामासाठी करतात. काकू बोलायला लागल्या की सोफ्याच्या पाठीला टेकून डोळे मिटतात. "अगं, 1974, किन्शासा! बत्तीस वर्षांचा अली, पंचविशीतला फोरमन. अली दोरांना टेकून मार खात राहिला, फोरमन दमला आणि आठव्या फेरीत आडवा."

"अहो, आठव्या फेरीत त्याने हात तरी उचलला," काकू म्हणतात. "तुम्ही अजून सिलिंडरही उचललेला नाहीत."

नियमांचं कौतुक खरंच आहे, पण ते पूर्ण खरं नाही. भुवई फाटून रक्त आलं की काका "थांबवा रे" म्हणतात आणि पुढे सरकून बसतात. 1975 साली मनिलात अलीशी लढणाऱ्या जो फ्रेझरचे प्रशिक्षक एडी फच यांनी पंधराव्या फेरीआधी लढत थांबवली. फचइतका शहाणा माणूस झाला नाही, असं काका म्हणतात, पण चहा संपेपर्यंत हळूच विचारतात, "पंधरावी झाली असती तर?" पुढे अलीला जडलेल्या पार्किन्सनचा विषय निघाला की त्यांना रिमोट सापडत नाही. दुसऱ्याच्या बरगडीवर आपला हिशेब चुकता होताना बघायला बरं वाटतं, हे काका मरेपर्यंत कबूल करणार नाहीत. मीही केलं नसतं, पण मनिलाची लढत त्यांच्याबरोबर मीही पुनःपुन्हा पाहिली आहे.

मागच्या सभेत गच्चीच्या गळतीवरून सेक्रेटरी आणि खजिनदार एकमेकांच्या कॉलरपर्यंत पोचले. "काका, तुम्हाला यातलं कळतं, पडा मध्ये!" कुणीतरी म्हणालं. काका उठले, तीन खुर्च्या मागे सरकले आणि तिथून मोठ्याने मोजू लागले, "एक... दोन... तीन..." दहा होईस्तोवर दोघेही खाली बसले होते. कार्यवृत्तात 'चर्चा झाली' अशी नोंद आहे. गच्ची अजून गळते.