एकगठ्ठा बारसं

कॅमेरा वाघाला वाघ म्हणत नाही. नागझिऱ्यात, किंवा पवनीच्या बाजूनं कऱ्हांडल्याच्या जंगलात, वाटेच्या दोन्ही अंगांना गुडघाभर उंचीवर खोडांना पेट्या बांधतात. समोर काही ऊबदार हललं की फोटो निघतो आणि पेटीतल्या पहिल्या फोटोचं नाव पडतं ‘आयएमजी ०००१’ किंवा त्याच्यासारखंच काहीतरी. त्यात वाघ असेल, कुणाची चुकार गाय असेल, मोहफुलं वेचून परतणारी बाई असेल, नाहीतर उन्हात तापलेलं, वाऱ्यावर डोलणारं गवत असेल. नाल्यापलीकडच्या पेटीतही पहिला फोटो त्याच नावाचा. जपानच्या इलेक्ट्रॉनिक उद्योगानं १९९८ साली हा रिवाज घालून दिला. चार अक्षरं (‘आयएमजी’पुढची रेघ धरून), चार आकडे. ९९९९ झाले की पुन्हा एकपासून मोजा.

२०१८च्या व्याघ्रगणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते. त्यांनी ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३ फोटो काढले. त्यांत वाघ ७६,६५१ आणि बिबटे ५१,७७७. गिनीजच्या बुकात विक्रम नोंदला गेला. विक्रम बाजूला ठेवा, हिशेब पाहा. साडेचारशे फोटो उलटावेत तेव्हा एक वाघ. आणि नावाला चारच आकडे असतील तर एकेक नाव जवळपास साडेतीन हजार फोटोंच्या वाट्याला येणार. दोन पेट्यांची कार्डं एकाच फोल्डरमध्ये ओतली की संगणक अदबीनं विचारतो, जुनी फाइल काढून नवी ठेवू का? घाईत ‘हो’ म्हटलं, की एक वाघ गेला. शिकारीचा गुन्हासुद्धा दाखल होत नाही.

म्हणून एकगठ्ठा नामांतर. फोटोच्या पोटातच तारीख-वेळ लिहिलेली असते. प्रोग्रॅम ती वाचतो, पुढे ठिकाणाचा क्रमांक जोडतो आणि दहा हजार फोटोंचं बारसं चहा गार व्हायच्या आत उरकतो. पण बॅटरी बदलताना पेटीचं घड्याळ मागे गेलं असेल, तर तोच प्रोग्रॅम तितक्याच तत्परतेनं दहा हजार खोट्या तारखा ठोकून देतो. डाव्या आणि उजव्या अंगाचे पट्टे वेगळे असतात, म्हणून पेट्या समोरासमोर बांधतात. एका पेटीचं घड्याळ तासभर पुढे असलं की वाघाची डावी बाजू पाचला जाते आणि उजवी सहाला. असा सवडीनं चालणारा वाघ अजून तरी कुणाच्या पाहण्यात नाही.

यावरचा उपाय यंत्रानं शोधलेला नाही. पेटी बांधून झाली की वनरक्षक तिच्यासमोर एक पाटी किंवा कागद धरून उभा राहतो. त्यावर पेटीचा क्रमांक, जागा आणि तारीख. म्हणजे ‘आयएमजी ०००१’मध्ये पुष्कळदा वाघ नसतोच, घामाघूम वनरक्षक असतो. पुढच्या सगळ्या फोटोंची नावं त्या पाटीवर उभी असतात. संगणकवाले ज्याला ऑटोमेशन म्हणतात त्याच्या मुळाशी असा एक माणूस उन्हात पाटी धरून उभा सापडतो, आणि अहवालात त्याचं नाव नसतं.

जंगलात निदान पाटी तरी आहे. आता गावात या.

दिवाळीच्या आगेमागे धानाच्या नोंदणीची घाई सुरू होते. आधारभूत किमतीच्या खरेदी केंद्रावर धान घालायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी हवी, आणि नोंदणीला सातबारा, आठ-अ, आधार आणि पासबुक हवं. शेतकरी शेतातल्या बांधीतूनच चारही कागदांचे फोटो व्हॉट्सॲपवर धाडतो. व्हॉट्सॲप त्यांना नाव देतं: आयएमजी, मग तारीख, मग डब्ल्यूए ०००७. हा सातचा आकडा त्या दिवशी त्या मोबाइलमधल्या चित्रांच्या रांगेतला. सातबाऱ्याशी त्याचा संबंध सातच्या आकड्यापुरता. रांगेतलं आधीचं चित्र बहुधा ‘शुभ सकाळ’चं असतं.

केंद्रावर संगणकापुढे बसलेला पोरगा हे सगळं उतरवून घेतो आणि सवड मिळेल तशी नावं देतो. ‘मेश्राम सातबारा’, ‘मेश्राम सातबारा २’, ‘मेश्राम नवा’, ‘मेश्राम नवा खरा’. गावात मेश्राम किती, हे त्या फोल्डरला ठाऊक नसतं. त्या पोराला मात्र पक्कं ठाऊक असतं, कुठला मेश्राम तळ्याकाठचा आणि कुठला शाळेमागचा. तो पोरगा गावाचं चालतंबोलतं शोधयंत्र असतो. तो पुढच्या हंगामाला नागपूरला कामाला गेला, की फोल्डर मुकं होतं.

संगणकाला बोल लावू नका. त्याच्याकडे सोय आहे, आणि जुनी आहे. डॉसच्या काळातही एका ओळीत शंभर फाइलींचं शेपूट बदलता येत असे. अडचण एवढीच की नावाला आठच अक्षरं मिळायची. इंग्रजी स्पेलिंगनं आमचा ‘भंडारा’ बरोबर आठांत बसतो, जणू जिल्ह्याचं नाव मायक्रोसॉफ्टला विचारूनच ठेवलं होतं. आजच्या सात तालुक्यांपैकी सहा आरामात बसतात. अडतो तो नऊ अक्षरांचा लाखांदूर. १९९५ साली विंडोजनं लांब नावं चालू केली, तरी जुन्या प्रोग्रॅमांसाठी आतल्या आत आखूड नाव ठेवलं जाई: पहिली सहा अक्षरं, एक नागमोडी रेघ आणि एकचा आकडा. लाखांदूरचं झालं ‘लाखन नागमोडी एक’. जिल्ह्याच्या टोकाला राहण्याचे तोटे लाखांदूरकरांना नवे नव्हते. हा एक वाढला.

पुढे नवी विंडोज आली आणि काम आणखी सोपं झालं. सगळ्या फाइली निवडा, एफ-टू दाबा, ‘धान’ लिहा, एंटर. धान (१), धान (२), धान (३), थेट धान (४१२) पर्यंत. फोल्डर एका क्षणात नीटनेटकं दिसू लागतं आणि त्याच क्षणी निरुपयोगी होतं, कारण आता कुणाचं धान कुठल्या कंसात, हे देवालाही उघडून पाहावं लागेल. सुदैवानं कंट्रोल-झेड आहे, लगेच दाबलं तर.

मराठीत नाव द्यायची हौस असेल तर आणखी मजा. कृतिदेव फाँटमध्ये ‘भंडारा’ टाइप करून तेच फाइलीच्या नावात डकवलं, की पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटतात: एच के ए एम के जे के. आत मराठी, पाटीवर परग्रह. पूर्व विदर्भातल्या कितीतरी लग्नपत्रिका, ठराव आणि दिवाळी अंक या परग्रहावर कायमचे वस्तीला गेले आहेत.

तारखांचं तर बोलूच नये. ‘०१-१२-२०१९’ आणि ‘०१-०१-२०२४’ या नावांच्या फाइली संगणक शेजारीशेजारी बसवतो, कारण तो डावीकडून वाचतो. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, असं लिहिलं की रांग आपोआप लागते. हे शहाणपण परदेशातून आणायला नको. महाराष्ट्र शासनाच्या प्रत्येक शासन निर्णयाखाली अठरा आकड्यांचा संगणक संकेतांक छापलेला असतो. त्याची सुरुवात वर्ष, महिना, दिवस अशीच होते, आणि फाइलही त्याच नावानं मिळते. म्हणजे मुंबईला फाइलींची नावं उत्तम ठेवता येतात. तोच निर्णय व्हॉट्सॲपच्या गटांतून उतरत उतरत शाळेपर्यंत पोचतो तेव्हा त्याचं नाव ‘महत्त्वाचे परिपत्रक नवीन (३)’ असतं. अठरा आकडे कुठल्या घाटात सांडले, याची चौकशी कुणी लावत नाही.

शास्त्रज्ञ याहून शहाणे असतील असं वाटत असेल तर २०२० साल आठवा. माणसाच्या काही जनुकांची नावं ‘मार्च’ आणि ‘सेप्ट’ अशी सुरू होत. एक्सेल त्यांना तारीख समजून बदलून टाकायचं आणि शोधनिबंधांच्या तक्त्यांत जनुकांच्या जागी महिने यायचे. शेवटी जागतिक समितीनं जनुकांचीच नावं बदलली. एक्सेलपुढे माणसाच्या जनुकांनी माघार घेतली. धानकेंद्रावरच्या पोरानं काय करावं?

आमच्या जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं एकगठ्ठा नामांतर मात्र संगणक यायच्या कितीतरी आधीचं आहे. पूर्व विदर्भात हजारो तलाव. कोहळी समाजानं पिढ्यान् पिढ्या खपून पाळी बांधल्या, पाणी अडवलं. हा मुलूख तेव्हा मध्य प्रदेशात होता. तिथल्या सरकारनं १९५०च्या कायद्यानं मालगुजारी (सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांची मालकी) संपवली आणि १९५१मध्ये तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी तलावांमागे एका झटक्यात ‘माजी’ लागलं. माजी मालगुजारी तलाव. लोकांनी त्याचा ‘मामा तलाव’ केला आणि आता सरकारी कागदही मामाच म्हणतात. मालगुजारी गेली ते बरंच झालं, त्याबद्दल गळे काढायचं कारण नाही. पण नाव बदलताना तलावाच्या आत काय आहे, हे कुणी पाहिलं का? कुठल्या तलावाची पाळ कुठे झिरपते, तुडूम (पाणी सोडायची मोरी) कधी उघडायचं, वरच्या तलावाचं पाणी खालच्याला कधी द्यायचं, हे ज्याला माहीत त्याच्या हातची पाटी कुणी घेतली नाही. पुढची कित्येक वर्षं तलावांत पाण्याऐवजी गाळ भरत गेला. नाव मात्र अद्ययावत होतं.

आणि गोसीखुर्द. पवनी तालुक्यातल्या या धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी केलं आणि कागदावर नाव आलं इंदिरासागर. या नावाचं धरण मध्य प्रदेशात नर्मदेवरही आहे, आणि आंध्रात गोदावरीवरच्या पोलावरमलाही हेच नाव दिलेलं होतं. एकाच फोल्डरमध्ये ठेवली तर संगणकानं कंस टाकले असते: इंदिरासागर (१), (२), (३). आमच्याकडचे लोक आजही गोसेच म्हणतात. मूळ फाइलीचं नाव बदललं तरी लोकांच्या तोंडचा शॉर्टकट जुनाच राहिला, आणि नवल म्हणजे तोच चालतो. ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्यांच्या अर्जांवर मात्र कुठलं नाव घालावं, गोसीखुर्द, गोसेखुर्द की इंदिरासागर, याचा घोळ ज्यानं त्यानं आपापल्या परीनं निस्तरायचा.

या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकाची फाइल तेवढी पाहण्यासारखी असेल. सुरुवातीचा अंदाज ३७२ कोटी. मग सुधारित मान्यता, मग पुन्हा सुधारित, असं करत आकडा १८ हजार कोटींच्या पुढे चढला. इतक्या वेळा नाव बदलूनही त्यातल्या एकाही फाइलीला ‘फायनल’ म्हणायचं धाडस कुणी केलेलं नाही. निदान एवढी पाटी तरी कुणीतरी नीट वाचलेली दिसते.