जादा किल्लीची कैफियत

(पडदा उघडतो. रंगमंचाच्या मधोमध एक बंद दार. त्यावर पितळी पाटी, पाटीखाली लॅचचे कुलूप. दारासमोर पायपुसणे, उजव्या अंगाला तुळशीची कुंडी, डाव्या अंगाला चपलांचे कपाट. पासष्टीच्या पुढचे एक गृहस्थ, कमरेला पंचा, अंगात बनियन, एका हातात दुधाची पिशवी व दुसऱ्या हातात वर्तमानपत्र अशा थाटात, दाराकडे पाठ करून उभे. बराच वेळ बोलत नाहीत. मग घसा साफ करतात.)

रसिकहो, आपल्यासमोर या वेषात उभे राहावे लागत आहे याबद्दल मी दिलगीर आहे. परंतु वस्तुस्थिती अशी की, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी दुधाची पिशवी उचलण्याकरिता मी या उंबरठ्याबाहेर एक पाऊल टाकले, पेपरवाल्याने पेपर जिन्याच्या तोंडाशी भिरकावला होता म्हणून आणखी चार टाकली, आणि नेमक्या त्याच क्षणी पश्चिमेच्या गॅलरीतून आषाढाचा जो वारा घरात शिरला त्याने, जणू जप्तीचा हुकूम घेऊन आलेल्या बेलिफाच्या अधिकाराने, हे दार लोटून दिले. (जिभेने) टक्! एवढाच आवाज झाला. माणसाच्या आयुष्यातले मोठे निकाल असेच हलक्या आवाजात लागतात.

या लॅच नामक कुलपाची रचना आपणांस ठाऊक असेलच. त्याची जीभ तिरपी असते, तिच्यामागे स्प्रिंग असते. ती एकदा चौकटीतल्या खाचेत जाऊन बसली की आतल्या माणसाने नुसती मूठ फिरवावी आणि बाहेरच्याने किल्ली लावावी, तिसरा मार्ग नाही. म्हणजे हे कुलूप चोराला जितक्या निष्ठेने बाहेर ठेवते तितक्याच निष्ठेने मालकालाही ठेवते. किल्ली आत, खुंटीवर. चष्मा आत, टेबलावर. आमचे कुटुंब साताऱ्याला, बहिणीकडे. आणि मोबाइल... (कान देतो) ऐकलेत? तो वाजतो आहे. साताऱ्याहूनच असणार. "दूध आत घेतलंत का?" हे विचारण्यासाठी.

(दुधाच्या पिशवीकडे पाहतो.) घेतले, पण आत नाही.

आता यातला खरा दैवदुर्विलास सांगतो. मी चौतीस वर्षे न्यायखात्यात होतो आणि नाजर म्हणून निवृत्त झालो. नाजर म्हणजे काय, हे हल्लीच्या मंडळींना सांगावे लागते. न्यायालयात जो मुद्देमाल जमा होतो, म्हणजे खुनातला कोयता, चोरीतली साखळी, छाप्यातल्या दारूच्या बाटल्या, तो ज्याच्या हवाली असतो आणि त्या कोठडीच्या किल्ल्यांचा जुडगा ज्याच्या कमरेला असतो तो नाजर. माझ्या कारकिर्दीत त्या कोठडीतून एक टाचणी गहाळ झाली नाही. दारूच्या बाटल्यांची पातळी उन्हाळ्यात किंचित खाली जात असे, परंतु ते बाष्पीभवन होते आणि तसा शेरा मी वेळोवेळी मारलेला आहे. सांगायचा मुद्दा, सरकारच्या किल्ल्या ज्याने सांभाळल्या त्याला स्वतःच्या घराची एक जादा किल्ली सांभाळता येऊ नये, ही गोष्ट माझ्या गोपनीय अहवालात कोणी लिहिली असती तर मी तिच्याविरुद्ध अपील केले असते.

आमचे मूळ घर याच जागी होते. म्हणजे ही इमारत ज्याच्या छातीवर उभी आहे तो वाडा. वाड्याला जादा किल्ली नव्हती, कारण पहिलीच नव्हती. दिंडीदरवाजाला आतून लाकडी अडसर. अडसराला किल्ली नसते. आत माणूस असावे लागते, आणि वाड्यात माणूस नाही असा क्षण मला आठवत नाही. रात्री दोन वाजता आलात तरी आजी जागी असे, "कोण आहे रे?" म्हणून विचारी आणि तुमच्या उत्तरापेक्षा तुमच्या खोकल्यावरून ओळख पटवून अडसर काढी. पुढे आजी गेली, वाडा गेला, घरातली माणसे एकेक करून कामाला, शिक्षणाला, परदेशाला लागली आणि आजीच्या जागी हे कुलूप बसले. कुलूप हा शब्द मुळी अरबी, चावी पोर्तुगिजांची. गोव्यात उतरली आणि मुंबईमार्गे वर आली. पुण्याने मात्र किल्ली हाच शब्द धरून ठेवला. चावी ही आमच्या मते घड्याळाला देण्याची वस्तू आहे.

(चपलांच्या कपाटावर बसतो. ते करकरते. उठतो.)

जादा किल्ली घराबाहेर कुठे ठेवावी हा प्रश्न सोपा वाटतो, आणि सोप्या वाटणाऱ्या प्रश्नांचे आमच्या कुटुंबाकडे तयार उत्तर असते. ते म्हणाले, "पायपुसण्याखाली." मी म्हणालो, अगं, पायपुसण्याखालची किल्ली म्हणजे किल्ली नव्हे, ते निमंत्रण आहे, चोर पाय पुसून आत येईल एवढाच काय तो फरक. मग चौकटीवर ठेवली. तिथे माझा हात पोहोचतो, आमच्या कुटुंबाचा पोहोचत नाही, आणि शेजारच्या नवव्या इयत्तेतल्या मुलाचा माझ्यापेक्षा चांगला पोहोचतो. मग जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत ठेवली. दोन महिन्यांनी वीजमंडळाचा माणूस रीडिंग घ्यायला आला आणि वर येऊन अत्यंत नम्रपणे म्हणाला, "काका, तुमची किल्ली जुन्या जागीच आहे ना? की हलवलीत?" जुन्या जागी! म्हणजे त्याच्या लेखी जागेला इतिहास निर्माण झाला होता. चौकशीअंती निष्पन्न झाले की आमच्या इमारतीतल्या सात बिऱ्हाडांच्या किल्ल्या त्याच पेटीत, एकमेकींना टेकून, कौटुंबिक जिव्हाळ्याने राहत होत्या.

शेवटी तुळस. (कुंडीजवळ जातो.) ही कल्पना माझी, म्हणून ती पूर्ण विचारांती केलेली होती. किल्ली प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळली, दोरा बांधला, चार बोटे खोल पुरली. आमच्या कुटुंबाने रोज सकाळी श्रद्धेने तिला पाणी घातले. किल्ली पितळेची, पितळ गंजत नाही, कळकते. सहा महिन्यांनी काढली तेव्हा ती शिवकालीन वाटावी अशी हिरवी झाली होती. तरीही गुप्तता अबाधित होती, असे मी समजत होतो, पण एकदा मी बाजारात असताना भाचा दारात येऊन उभा राहिला, त्याने मला फोन केला, फोनवर त्याला ऐकू येईना, तेव्हा मी मंडईत, भर रविवारी, भाजीच्या गाळ्यांमधून ओरडून सांगितले, "तुळशीच्या कुंडीत आहे! खोल! दोरा धरून ओढ!" एका कोथिंबीरवालीने मला त्यानंतर आठवडाभर विचारले, "मिळाली का हो?"

आणि त्याच रात्री मला कलम ४४५ आठवले.

(ताठ उभा राहतो. पंचा सावरतो.)

भारतीय दंडविधान, १८६०. हे आता इतिहासजमा झाले आहे, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी नवी न्याय संहिता आली आहे, हे मला मान्य आहे. परंतु माझ्या मेंदूच्या बारनिशीत तो हुकूम अद्याप चढलेला नाही. तर कलम ४४५, घरफोडी. त्याखाली जी उदाहरणे दिली आहेत त्यांत एक असे की, एका गृहस्थाच्या दाराची हरवलेली किल्ली दुसऱ्या इसमास सापडते, त्या किल्लीने तो दार उघडतो आणि अपराधाच्या इराद्याने आत शिरतो. तर ही घरफोडीच होय. वाचताना मनाला केवढे समाधान वाटते! म्हणजे माझ्या कुंडीतली किल्ली घेऊन चोर अलगद, पाहुण्यासारखा आत शिरला, दिवाण न फोडता, खिडकी न तोडता, जाताना दार लावून गेला, तरी कायद्याच्या दृष्टीने त्याने माझे घर फोडलेच. कायदा माझ्या बाजूने आहे. फक्त चीजवस्तू त्याच्या बाजूला आहे. आणि पंचनाम्यात "किल्ली कोठे होती?" या रकान्यात फौजदारासमोर "तुळशीत" असे उच्चारावे लागणार, ही कल्पना मला सहन होईना.

आमच्या चिरंजीवांनी यावर विज्ञानाचा तोडगा पाठविला. ते परदेशी असतात. भिंतीत चार स्क्रूंनी बसवायची एक लोखंडी पेटी. तिच्यावर एक ते नऊ आणि शून्य अशा दहा कळा. त्यांतल्या ठरावीक चार दाबल्या की झाकण उघडते, आत किल्ली. मी सूक्ष्मपणे चौकशी केली, कळा कोणत्या क्रमाने दाबायच्या? ते म्हणाले, "बाबा, या पेटीत क्रमाला महत्त्व नाही." अरे, क्रमाला महत्त्व नाही! मी त्या रात्री कागद घेऊन बसलो. दहांतून चार निवडण्याचे मार्ग दोनशे दहा. एका मार्गाला पाच सेकंद धरले तर साडेसतरा मिनिटे. त्याहून जास्त वेळ आमच्या जिन्यात कुरिअरवाला घंटी वाजवीत उभा असतो. शिवाय वर्षभरात त्या चारच कळा बोटांनी घासून लखलखीत झाल्या, आणि उरलेल्या सहांवर पुण्याची धूळ बसली. म्हणजे चोराने यावे, धूळ नसलेल्या कळा दाबाव्यात आणि माझे आभार मानावेत.

लंडनात ब्रामा नावाच्या कारागिराच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडलेले असे आणि ते उघडणाराला दोनशे गिनी देण्याची जाहीर पैज असे. साठएक वर्षे ते कोणाला उघडले नाही. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वर्षी हॉब्ज नावाचा अमेरिकन आला आणि त्याने ते उघडले. त्याला सोळा दिवस लागले. ही हकिगत मी आमच्या कुटुंबाला मोठ्या आदराने सांगितली तेव्हा ते म्हणाले, "त्याला म्हणावं, आधी कुंडीत बघायचंस."

(थांबतो. मोबाइल पुन्हा वाजतो. दाराला कान लावतो.) वाजू दे. नासलेल्या दुधाचे उत्तर फोनवर देता येत नाही.

अखेर मी माझ्या मूळ स्वभावावर आलो. किल्ली ही ठेवायची नसते, ती कोणाच्या तरी ताब्यात द्यायची असते. जागा जबाबदार नसते, माणूस असतो. कोठडीत मुद्देमाल सुरक्षित राही तो भिंतींमुळे नव्हे, वहीत माझी सही असे म्हणून. तेव्हा तळमजल्यावरचे आप्पा, वय पंचाहत्तर, व्यसन नाही, कर्ज नाही, इमारत सोडून कुठे जाण्याची हौस नाही, अशा इसमाची मी निवड केली. किल्ली लखोट्यात घातली, लखोट्यावर लाखेची मोहर केली, पावती करून त्यांची सही घेतली. आप्पांनी सही केली आणि म्हणाले, "नाजरसाहेब, मग आमचीही तुमच्याकडे राहू द्या." मला गहिवरून आले. मी त्यांची किल्ली घेतली, लखोटा केला, मोहर केली, पावती दिली. आप्पांचा लखोटा... (दाराकडे बोट) आत. लोखंडी कपाटात. वरचा कप्पा. कपाट विश्वासाचे, वकिली सोडून १८९७ मध्ये कुलपे करायला लागलेल्या त्या पारशी गृहस्थाच्या कारखान्याचे.

आज सव्वासातला मी याच वेषात तीन मजले उतरून खाली गेलो. आप्पांच्या दाराला कुलूप. आप्पा काल रात्री पंढरपूरला गेले. पंचाहत्तर वर्षांत पहिल्यांदा.

म्हणजे आमची किल्ली त्यांच्या घरात, त्यांची किल्ली आमच्या घरात, दोन्ही मोहरबंद, दोन्ही सुरक्षित, दोहोंच्या रीतसर पावत्या उपलब्ध. पावत्याही आतच आहेत.

(जिन्याकडे पाहतो. पंचा सावरतो. आवाज खाली आणतो.)

कोणी येत आहे. आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या मावशी. अकरा वर्षे येतात. (त्यांच्या आवाजात) "अगो बाई, दादा, असे भाईर का उभे?" मी संक्षेपाने हकिगत सांगितली. वारा, लॅच, लखोटा, कलम ४४५, पंढरपूर. मावशींनी बादली खाली ठेवली, पदराचे टोक पुढे ओढले, त्याची गाठ दातांनी सैल केली. (स्वतःच्या पंच्याचे टोक धरून, एकेक किल्ली मोजल्याप्रमाणे) "ही तळमजल्याच्या आप्पांची. ही दुसऱ्या मजल्यावरच्या डाक्टरीणबाईंची. ही त्या नवव्वीतल्या पोराच्या घरची. ही तुमची."

आमची! मी विचारले, ही आपणांस कोणी दिली, केव्हा दिली, कोणत्या अटींवर? "वहिनींनी. येऊन महिना झाला तवाच." मग मला का सांगितले नाही? "तुमी इचारलंत कवा? आन् तुमची ती कुंडीतली व्हती ना, हिरवी झाल्यापास्नं दर महिन्याला काढून, चिंचेनं घासून, परत ठिवायची मीच. न्हाईतर एव्हाना सडलीच असती."

रसिकहो, चौतीस वर्षांच्या सेवेत मी पावतीवाचून एक खिळा कोणाच्या हवाली केलेला नाही. मी त्यांना म्हणालो, मावशी, हा सगळा व्यवहार अत्यंत बेकायदेशीर आहे. आपण आत जाऊ, मी वही काढतो, तारीख घालतो, आपण अंगठा किंवा सही...

"करते की सही. चौथी शिकलीया मी. पर आधी दार उघडू का? दूध वास मारतंय."

(दाराकडे वळतो. किल्ली फिरवल्याचा अभिनय. टक्. दार उघडते. आतून मोबाइलचा आवाज मोठ्याने येतो. तो पिशवी नाकाशी नेतो, प्रेक्षकांकडे पाहतो.)

नऊ वाजून दहा मिनिटे. नासले.

(पडदा)