बस भरली म्हणजे ट्रेक होत नाही

जूनचा पहिला पाऊस पडला की पुण्यात ट्रेकच्या जाहिरातींची झड लागते. राजगड, तोरणा, अंधारबन, देवकुंड, हरिश्चंद्रगड. खाली फी, बसमध्ये चढण्याची ठिकाणं, नाश्त्याला पोहे, दुपारी पिठलं-भाकरी आणि पैसे भरायची लिंक. शनिवारी रात्री नळ स्टॉपला, चांदणी चौकात पाठीला सॅक लावलेली माणसं उभी असतात. एकमेकांची नावंही माहीत नसलेले पन्नास जण एका बसमध्ये चढतात आणि पहाटे पायथ्याला उतरतात. कोणाला दमा आहे, कोणाचा गुडघा दुखरा आहे, कडा दिसला की कोणाचे पाय गळतात, यातलं लीडरला काही ठाऊक नसतं. त्याच्या हातात फक्त यादी असते आणि नावापुढे पैसे आल्याची खूण.

किती माणसं न्यायची हे बसच्या सीटांवरून ठरतं, इथेच माझा आक्षेप सुरू होतो. ते वाटेवरून ठरायला हवं.

राजगडाची चोर दरवाजाची वाट घ्या. गुंजवण्यातून निघालं की आधी शेतं, मग झाडी, मग दम काढणारी सोंड. शेवटी उभा कातळ, त्याला लावलेले लोखंडी रेलिंग आणि वर वाकून आत शिरावं लागेल असा दरवाजा. आत गेलं की समोर पद्मावती तलाव. या शेवटच्या टप्प्यात एका वेळी एकच माणूस नीट जाऊ शकतो. जुलैतल्या रविवारी सकाळी तिथे वर चढणारे पन्नास आणि खाली उतरणारे पन्नास समोरासमोर येतात. ओल्या कातळावर एका हाताने रेलिंग धरून लोक अर्धा-पाऊण तास खोळंबतात. कोणाची पोटरी आखडते, कोणाचा बूट सरकतो, मागचा पुढच्याच्या सॅकला धरतो. लीडर वर दरवाजाशी पोचलेला असतो आणि त्याचा शेवटचा माणूस अजून खाली झाडीत असतो. एक जण घसरला तर खालचे दहा जण घेऊन जाईल, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत असतं. तरी पुढच्या रविवारी तेच.

जुलै २०२३ मध्ये लोहगडावर काय झालं ते आठवा. रविवारच्या गर्दीने पायऱ्या आणि दरवाजे इतके तुंबले की माणसं तासन्‌तास जागच्या जागी अडकून पडली. लोहगड म्हणजे काही अवघड गड नव्हे. लहान मुलं चढतात, आज्या चढतात. तिथेही नुसत्या संख्येने जीव टांगणीला लागू शकतो. २०२५ मध्ये याच लोहगडाचं आणि राजगडाचं नाव मराठा लष्करी स्थापत्यातल्या बारा किल्ल्यांमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. आनंदच आहे. पण त्यामुळे जाहिराती वाढणार, बसही वाढणार. दरवाजाची रुंदी मात्र महाराजांच्या काळात होती तेवढीच राहणार.

गर्दीला शिव्या देऊन भागत नाही. दोष गर्दी गोळा करण्याच्या पद्धतीत आहे. पैसे घेतले की माणूस ग्राहक होतो, आणि ग्राहकाला ‘तू येऊ नकोस’ म्हणता येत नाही. अर्ध्या वाटेत ‘आता मागे फिरायचं’ म्हणणं त्याहून कठीण, कारण त्याने माथ्याचे पैसे भरलेले असतात. शुक्रवारी धो धो पाऊस झाला तरी शनिवारची बस सुटते, कारण बसवाल्याचा ॲडव्हान्स गेलेला असतो. डोंगरातला जो निर्णय जीव वाचवतो तो बहुतेक वेळा नकाराचाच असतो, आणि या व्यवहारात नकाराला जागाच उरत नाही.

क्लबमध्ये ती जागा असते, म्हणून मला क्लब हवेत. गिरिप्रेमी १९८२ साली पुण्यात सुरू झाली आणि २०१२ मध्ये तिची माणसं एव्हरेस्टवर, २०१९ मध्ये कांचनजंगावर उभी राहिली. अशी मोहीम लिंकवरून जमत नाही. वर्षानुवर्षं एकमेकांचा दोर धरलेली, कोण थकला की गप्प होतो आणि कोण चिडतो हे ठाऊक असलेली माणसं लागतात. एव्हरेस्ट राहू द्या, तिकोन्यालाही तेच लागतं. वाट चुकल्यावर घाबरून पळत सुटणारा कोण आणि आहे तिथे बसून हाक देणारा कोण, हे आधी माहीत असलेलं बरं.

ऑस्ट्रेलियात सिडनी बुशवॉकर्स नावाचा १९२७ सालचा क्लब आहे. तिथे वर्गणी भरली की लगेच सभासदत्व मिळत नाही. आधी उमेदवार म्हणून ठरावीक पायपिटी पूर्ण करायच्या, नकाशा वाचता येतो हे दाखवायचं, प्रथमोपचार शिकायचे, मग सभासद. शंभर वर्षं होत आली, क्लब चालू आहे. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. पुण्यात चाचणीसाठी सिंहगडासारखा मास्तर घरापाशी आहे. आतकरवाडीतून पायवाटेने पुणे दरवाजापर्यंत जा. कोण किती वेळात चढला याला महत्त्व नाही. वर पोचल्यावर त्याला बोलता येतंय का, उतरताना गुडघे लटपटतायत का, मागे राहिलेल्यासाठी तो थांबला का, एवढं बघा. ज्याला तेवढंही झेपत नाही त्याला आधी दोन महिने वेताळ टेकडीवर न्या. त्यात अपमान कसला?

आता क्लबवाल्यांना दोन शब्द, आणि ते गोड नाहीत. हिंजवडीत नोकरीला आलेला नांदेडचा मुलगा, कर्वे रस्त्याच्या होस्टेलमध्ये राहणारी चंद्रपूरची मुलगी, यांना डोंगरात जायचंय आणि शहरात कोणी ओळखीचं नाही. ते लिंकवर पैसे भरतात, कारण त्यांच्यासाठी दुसरं दार उघडंच नसतं. क्लबच्या कट्ट्यावर गेलं तर वीस वर्षांपूर्वीच्या ट्रेकचे किस्से चाललेले असतात, नव्याकडे कोणी वळून बघत नाही. कार्यक्रम कधी आणि कोण ठरवतं, कोणाला विचारायचं, काही कळत नाही. मुलगी दोनदा येते, तिसऱ्यांदा येत नाही. मग ती व्यापारी बॅचमध्ये गेली की आपण नाकं मुरडतो. क्लबने दार किलकिलं ठेवायचं आणि लोक बाजारात गेले म्हणून तक्रार करायची, हे मला पटत नाही. महिन्याला एक तरी ट्रेक फक्त नव्यांसाठी ठेवा. प्रत्येक नव्याबरोबर एक जुना सभासद द्या आणि त्याने दिवसभर त्याच्याबरोबरच चालायचं. नव्याला दुसऱ्याच खेपेला काम द्या: भाकऱ्यांचा हिशोब ठेव, प्रथमोपचाराची पेटी धर, परत आल्यावर तंबू वाळत घाल. हातात काम आलं की माणूस क्लबचा होतो.

ट्रेकच्या आधीची बैठक परत आणा. अशी एक बैठक मी अलीकडे बघितली. कोणाच्या तरी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर पंधरा-सोळा जण बसलेले. तोरण्याचा ट्रेक होता. लीडर मुलगी पंचविशीची असेल. तिने सगळ्यांना बूट घेऊन यायला सांगितलं होतं. एकेक बूट हातात घेऊन, उलटा करून ती तळ आणि वरचं कातडं यांच्या सांध्यात अंगठा दाबून बघत होती. एका काकांचा बूट वरून कोरा करकरीत, पण वर्षानुवर्षं कपाटात पडलेला. अंगठा दाबताच टाचेकडे चिकटवण सुटली. पावसात असा तळ तासाभरात पूर्ण निघतो आणि पुढचं अंतर माणूस मोज्यांवर उतरतो.

“काका, हा नाही चालणार. आणि गोळ्या कुठल्या चालू आहेत?”

“बीपीची एक. अगदी माइल्ड.”

“सकाळची की रात्रीची?”

काकांनी सांगितलं. तिने वहीत लिहिलं आणि म्हणाली, “पुढच्या महिन्यात तिकोना आहे. आधी तो करू या, मग तोरणा. या वेळी नको.”

काका जरा घुश्श्यात होते, पण चहा पिऊन गेले. लिंकवर पैसे भरले असते तर हेच काका रविवारी तोरण्याच्या कातळटप्प्यावर असते. बिनी दरवाजाच्या अलीकडे, एका पायात तळ नसलेला बूट घालून.

‘सोपा, मध्यम, कठीण’ या जाहिरातीतल्या शब्दांचाही एकदा निकाल लावा. कात्रज-सिंहगडला कित्येक जण ‘मध्यम’ म्हणतात. जुन्या कात्रज बोगद्याच्या डोक्यावरून सुरुवात, मग एकामागून एक डझनभर टेकड्या. चढलं की उतार, उतरलं की पुन्हा चढ, वाटेत भरवशाचं पाणी नाही, घसाऱ्यावर पाय ठरत नाही. आणि हे सगळं पौर्णिमेच्या रात्री, झोप मोडून. खाली गावांचे दिवे जवळ वाटतात म्हणून थकलेला माणूस मध्येच उतरायला बघतो आणि ढोरवाटेने भलत्याच घळीत शिरतो. ‘मध्यम’ या शब्दातून यातलं काय कळलं? त्यापेक्षा लिहा: आठ-नऊ तास चाल, पाणी चार लिटर न्या, मध्येच सोडून जाता येणार नाही. वाचणाऱ्याला स्वतःचं स्वतः ठरवता येईल.

पायथ्याच्या गावाबद्दलही बोललं पाहिजे. पन्नास जणांचं जेवण दोन दिवस आधी फोनवर सांगितलं जातं. मावशी पहाटे चारला उठून दीडशे भाकऱ्या थापतात आणि पाऊस बघून निम्मेच लोक आले तर उरलेल्या भाकऱ्यांचे पैसे कोणी देत नाही. वीस जणांचा गट त्या अंगणात मावतो, ताटं विसळून ठेवतो, मावशींना नावाने ओळखतो. पुढच्या वेळी वाट कुठे खचलीय, आग्यामोहोळ कुठल्या कड्याला लागलंय, हे गावातलेच लोक आपण होऊन सांगतात. ही माहिती कुठल्याही ॲपवर नसते. अत्तर फवारून आणि स्पीकर लावून आलेल्या घोळक्यामागे मधमाश्या लागल्या की पहिल्यांदा धावून जातात तीही याच गावातली पोरं.

आणि खरा राग मला इथे येतो. दरीत कोणी पडलं, धुक्यात कोणी हरवलं की वर जातं कोण? महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरच्या हाकेला ओ देणारे ठिकठिकाणच्या क्लबांचे स्वयंसेवक, लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र, गावातले तरुण. नोकरीवरून सुट्टी टाकून, स्वतःच्या गाडीत पेट्रोल घालून, रात्रीच्या पावसात स्ट्रेचर खांद्यावर घेऊन ही माणसं उतरतात. तिकीट लावून माणसं नेणाऱ्यांच्या चुका बिनपगारी माणसं निस्तरतात, असं कितीदा होणार? राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी सांगितली. चांगलं झालं. पण भुशी धरणामागे ३० जून २०२४ ला पाण्याच्या लोंढ्यात एका कुटुंबातली माणसं वाहून गेली, तसं काही घडलं की जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघतात, आणि त्या आदेशात हुल्लडबाज घोळका आणि शिस्तीचा क्लब एकाच मापाने मोजले जातात. फरक करायचा तर तो दिसायला हवा. वीस माणसं, दोन प्रशिक्षित लीडर, नोंदवलेली यादी, ठरलेली परतीची वेळ घेऊन जाणाऱ्या क्लबला परवानगी मिळावी, हे मागायचा नैतिक अधिकार क्लबांना आहे. मात्र त्यांनी आधी तसं वागून दाखवलं पाहिजे. हल्ली काही जुने क्लबही पैसे कमी पडतात म्हणून मोठ्या बस काढू लागले आहेत. पैसे कमी पडतात हे मला माहीत आहे. दोर, हेल्मेट, वॉकी-टॉकी फुकट येत नाहीत. पण त्यासाठी वर्गणी वाढवा, दिवाळी अंक काढा, कंपन्यांकडे मागा. सीटा वाढवू नका.

शेवटी एका कामाकडे लक्ष वेधतो, कारण ते सगळे विसरतात. ट्रेकला न गेलेला एक सभासद पुण्यात घरी बसलेला हवा. त्याच्याकडे प्रत्येकाचं नाव, रक्तगट, घरचा फोन, बसचा नंबर, ठरलेली वाट आणि परतीची वेळ कागदावर लिहिलेली हवी. संध्याकाळी सातला फोन आला नाही तर साडेसातला कोणाला कळवायचं, गावातल्या कोणाला उठवायचं, हेही त्याच कागदावर. मोबाइलमधली यादी नको, कारण वेल्ह्याच्या पुढे रेंज कधी जाते याचा नेम नाही आणि लीडरचा फोन भिजला की यादीही गेली. हे काम आळीपाळीने सगळ्यांनी करावं, अध्यक्षांनीसुद्धा. शेवटचा माणूस घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत त्याने झोपायचं नाही.