चार दरवाज्यांची आगळीक

1989च्या जिनिव्हा मोटर शोमध्ये 'लोटस कार्लटन' पहिल्यांदा मांडली गेली. मूळची वॉक्सहॉल कार्लटन ही ब्रिटनमधली अगदी पापभीरू गाडी. कंपनीच्या साहेबाने ऑफिसला न्यावी, रविवारी बायकापोरांना घेऊन फिरावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. तिचे जर्मन भावंड म्हणजे ओपल ओमेगा. दोन्ही कंपन्या जनरल मोटर्सच्या आणि स्पोर्ट्स गाड्या बनवणारी लोटसही 1986मध्ये त्याच घरात आलेली. एकत्र कुटुंबात कोणीतरी पोराला बिघडवायचेच; इथे ते काम लोटसने केले.

जर्मनीत तयार झालेल्या गाड्या इंग्लंडमधल्या नॉरफकमध्ये, लोटसच्या हेथेलच्या कारखान्यात आणायच्या आणि तिथे खोलून पुन्हा जोडायच्या, असा सगळा खटाटोप. तीन लिटरचे इंजिन 3.6 लिटरचे झाले, त्याला दोन टर्बो बसले आणि ताकद गेली 377 अश्वशक्तीवर. सहा गिअरचा गिअरबॉक्स थेट कॉर्व्हेट झेडआर-1चा. रंग एकच, इम्पिरियल ग्रीन, आणि तोही इतका गडद की संध्याकाळी गाडी सरळ काळीच वाटावी. मागचा स्पॉइलर आणि फुगवलेले मडगार्ड सोडले, तर शेजाऱ्याला संशय यायचे कारण नाही.

वेग मात्र ताशी सुमारे 283 किलोमीटर! ब्रिटनच्या मोटरवेवरची मर्यादा 112.

झाले, गदारोळ उठला. 'डेली मेल'ने तर गाडीवर बंदी घाला म्हणून मोहीमच उघडली. जर्मन कंपन्या आपल्या दणकट सलूनना ताशी 250वर लगाम घालत होत्या. इथे तोही नाही. गंमत अशी की फेरारीची टेस्टारोसाही साधारण एवढ्याच वेगाने पळत होती आणि तिच्याविरुद्ध कोणी अशी कंबर कसली नव्हती. दोन आसनांच्या लालभडक गाडीने उधळायचेच असते. मागे दोन दरवाजे आणि सामानाला ऐसपैस डिकी असलेल्या गाडीने तसे वागणे म्हणजे घराण्याला बट्टा.

किंमत 48,000 पौंड. तेवढ्यात वॉक्सहॉलच्या दोन-तीन साध्या गाड्या आल्या असत्या. त्यात मंदी आली. 1,100 गाड्या करायचा बेत होता, पण 1992पर्यंत 950वरच काम आटोपले.

मग टीकाकारांच्या मदतीला चोर धावून आले. 1993च्या नोव्हेंबरमध्ये वेस्ट मिडलंड्स भागातून '40 आरए' या क्रमांकाची लोटस कार्लटन चोरीला गेली. पुढे दुकाने फोडून सिगारेटी आणि दारू पळवायला टोळीने तीच जुंपली. ऐसपैस डिकीचा इतका मनापासून उपयोग आधीच्या मालकानेही केला नसेल. पोलिसांच्या गाड्या मागे लागायच्या आणि मागेच राहायच्या. रंग माहीत, बनावट माहीत, वर्तमानपत्रांच्या कृपेने क्रमांकही पाठ. पंचाईत एकच होती: पाटी वाचता येईल इतके जवळ जाणार कसे?