जर-तरचे सर

मालाडहून बसने किंवा वेसाव्याहून होडीने गाठाव्या लागणाऱ्या मढसारख्या कोळी वस्तीत आढळणारे ‘इंग्रजीचे सर’ हा एक स्वतंत्र सामाजिक प्रकार असून, समोरचा काय म्हणतो यापेक्षा कोणत्या वाक्यप्रकारात म्हणतो याची चिंता अधिक असणे, हे त्याचे मुख्य लक्षण होय. २००० सालापासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आल्यावर या प्रकाराला विशेष बरकत आली.

तुलनेच्या बाबतीत सर अत्यंत कडक असतात. आखूड विशेषणाला ‘अर’ जोडावा, लांबलचक विशेषणाआधी ‘मोअर’ ठेवावा आणि दोन्ही एकदम कधीही करू नये, हा नियम मोडून ‘मोअर बेटर’ म्हणणारा मुलगा त्यांच्या लेखी वाया गेलेला असतो. ‘मढ इज मोअर ब्यूटिफुल दॅन एनी व्हिलेज इन मुंबई’ या वाक्यात ‘अदर’ गाळल्यामुळे मढ हे मढपेक्षाही सुंदर ठरते, असे ते कळवळून समजावतात. त्यात चुकीचे काय, हे मात्र मढच्या मुलांना अखेरपर्यंत उमगत नाही.

सरांचे खरे राज्य संकेतार्थी, म्हणजे एका गोष्टीची अट दुसरीला घालणाऱ्या वाक्यांवर चालते. शक्य अटीत ‘इफ’नंतर साधा वर्तमानकाळ येतो आणि ‘विल’ पुढच्या उपवाक्यात जाते; काल्पनिक अटीत भूतकाळ व ‘वुड’ येतात; आणि वेळ टळून गेलेल्या अटीत ‘हॅड’ व ‘वुड हॅव’ अशी जोडी लागते. या तिन्हींचा सराव सरांना फीच्या निमित्ताने वर्षभर घडतो. १ जूनपासून मासेमारी बंद असल्याने पालक तेव्हा ‘मासळी मिळाली, तर फी देऊ’ असे सांगतात. हंगामाच्या मध्यावर ‘मासळी मिळत असती, तर फी देत असतो’ असे ऐकू येते. आणि परीक्षा संपल्यावर ‘मासळी मिळाली असती, तर फी दिली असती’ येथे प्रकरण मिटते. फी हाती येत नाही, परंतु पालकांनी पहिल्या प्रकारावरून तिसऱ्यावर काळाची एकही चूक न करता यावे, हे आपल्याच शिकवणीचे फळ आहे, अशी सरांची ठाम समजूत असते आणि पुढच्या जूनमध्ये ते वर्ग पुन्हा पहिल्या प्रकारापासून सुरू करतात.