स्नानगृहातील दिवाबत्ती
स्नानकुंडाच्या आत १२ व्होल्टांहून अधिक दाबाची वीज नसावी, २.२५ मीटर उंचीपर्यंतच्या टापूत पाण्याचे शिंतोडे सोसणाराच दिवा असावा आणि ३० मिलिअँपिअरची गळती होताच प्रवाह आपोआप खंडित व्हावा, असा आंतरराष्ट्रीय मानकांचा दंडक असून, आमच्या सार्वजनिक स्नानगृहांत तो बहुधा कसोशीने पाळला जातो; कारण तेथे होल्डरच रिकामा असतो, आणि दिव्यावाचून दिव्याचा अपघात संभवत नाही, हे कोणाही मुकादमास मान्य आहे. क्वचित एखादा बल्ब लागतोही; पण तो चिकटपट्टी सुटलेल्या दोन तारांवर, नळाच्या अगदी डोक्यावर लोंबकळत असतो. अर्थिंगची तार मात्र बिनचूक नियमाबरहुकूम आहे: कचेरीच्या दप्तरातील मंजूर नकाशात, हिरव्या शाईने.